खेळू द्यायचं की नाही?

१४ जून २०२२. रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते. विंझरच्या घरी आम्ही चौघं जेवायला बसलो होतो आणि समोर टीव्हीवर कोलकात्यातून भारत विरुद्ध हाँगकाँग सामना लागला होता. तसं पाहिलं तर त्या सामन्यावर फारसं काही अवलंबून नव्हतं. त्याच दिवशी पॅलेस्टाईननं फिलिपिन्सला हरवल्यामुळे भारत मैदानात उतरायच्या आधीच आशिया कपसाठी पात्र ठरला होता. दुसऱ्याच मिनिटाला अन्वर अलीनं गोल केला. बचावपटूनं, दुसऱ्या मिनिटाला! मी ताटावरून उठून ओरडलो. आईनं कपाळाला हात लावला. आण्णांनी भाकरीचा तुकडा आमटीत तसाच धरून विचारलं, "ह्योच का रं तो? काळजाचा आजार असलेला?"

"हो, हाच."

"मग बरा पळतोय की."

एवढं बोलून ते परत जेवायला लागले. पण त्या एका वाक्यापर्यंत पोचायला आमच्या घराला दोन वर्षं लागली होती. त्या दोन वर्षांबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आधी हे सांगायला हवं की विंझर हे काही फुटबॉलचं गाव नाही. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. राजगड-तोरण्याला जाणारे ट्रेकर्स इथून गाडीची काच खाली करून रस्ता विचारतात आणि पुढे निघून जातात. इथं पावसाळ्यात भात, जत्रेत कुस्ती आणि उरलेलं वर्षभर टेनिस बॉलचं क्रिकेट. मला फुटबॉल लागला तो इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर. रूममेट रात्री-अपरात्री लॅपटॉपवर युरोपातल्या मॅच बघायचा आणि झोप येत नाही म्हणून मीही बघायचो.

२०१७ मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा वर्ल्ड कप भारतात झाला आणि फुटबॉल थेट आमच्या तालुक्यात येऊन पोचला. १५ सप्टेंबर २०१७ ला सरकारनं 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' नावाचा कार्यक्रम केला. दहा लाख मुलांनी एका दिवशी फुटबॉल खेळायचा, असा तो बेत होता. त्यासाठी राज्यभरातल्या शाळांना फुटबॉल वाटले गेले. माझी धाकटी बहीण तेव्हा शाळेत होती. तिनं फोन करून सांगितलं, "दादा, आमच्याकडं बॉल आलेत. सर म्हणाले, हातात धरायचा नाही. मग मुलं म्हणाली, मग काय करायचं?" पुढचे दोन महिने शाळेच्या मैदानावर जे चाललं त्याला फुटबॉल म्हणावं की कबड्डी, हे कुणालाच नीट सांगता आलं नसतं. शेवटी एक बॉल बाभळीच्या काट्यावर गेला आणि उरलेले कपाटात. त्या सामानातली एक शिट्टी मात्र बहिणीनं घरी आणली. ती पुढे येईलच.

त्या वर्ल्ड कपमध्ये भारत तिन्ही सामने हरला. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४. कोल्हापूरचा अनिकेत जाधव संघात होता, म्हणून आम्ही महाराष्ट्राची मुलं त्याच्याकडे बघत होतो. पण माझी नजर अडकली ती जालंधरजवळच्या आदमपूरच्या एका सेंटर-बॅकवर. अन्वर अली. वय सतरा. अमेरिकेविरुद्ध शेवटी शेवटी त्याचा एक फटका क्रॉसबारवर आदळला आणि त्याच बॉलवर अमेरिकेनं पलटवार करून तिसरा गोल केला. बचावपटूचं आयुष्य असंच असतं. तो पुढे गेला तर मागे जागा मोकळी होते आणि ती सगळ्या जगाला दिसते. आपल्याकडचे बचावपटू सहसा बॉल आला की जमेल तिकडे ठोकून मोकळे होतात. हा पोरगा मान वर करून बघायचा आणि मग चाळीस यार्डांवरचा माणूस शोधायचा.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये स्पेनमधल्या कोटिफ स्पर्धेत भारताच्या वीस वर्षांखालील संघानं अर्जेंटिनाला २-१ नं हरवलं. अनिकेतला लाल कार्ड मिळालं होतं, भारत दहा जणांनिशी खेळत होता, आणि अन्वरनं फ्री किकवर दुसरा गोल मारला. भारताचे प्रशिक्षक होते फ्लॉइड पिंटो. समोरच्या बाकावर होते लिओनेल स्कालोनी, तेच पुढे २०२२ चा वर्ल्ड कप जिंकणारे. त्या रात्री हॉस्टेलवर आम्ही चार जण होतो आणि चौघांनीही ठरवून टाकलं, की पुढची दहा वर्षं भारताचा बचाव हाच सांभाळणार.

पुण्याच्या चाहत्याची एक अडचण असते. आमचा क्लबच राहिला नाही. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद पडला. बंगाल्यांना बागान-ईस्ट बंगाल आहे, गोव्याला गोवा आहे, मल्याळी लोकांना ब्लास्टर्स आहे. आम्हाला फक्त भारत. त्यामुळे आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या त्या पंधरवड्यात युरोपचे चाहते कंटाळतात आणि आम्हाला सण असतो. जून २०१८ मध्ये अंधेरीला तैपेईविरुद्धच्या सामन्याला जेमतेम अडीच हजार लोक आले, सुनील छेत्रीनं हात जोडून व्हिडिओ टाकला, आणि ४ जूनला केनियाविरुद्ध, त्याच्या शंभराव्या सामन्याला, स्टेडियम भरलं. मी पुण्याहून गेलो होतो. वरून पाऊस, मैदानात तळी साचलेली, बॉल जागच्या जागी थांबत होता आणि लोक घसा फोडून ओरडत होते. त्या गर्दीत भिजताना वाटलं होतं की पुढच्या वेळी येऊ तेव्हा अन्वर या जर्सीत असेल.

मुंबई सिटीनं त्याला घेतलं. २०१९ मध्ये तिथल्या वैद्यकीय तपासणीत हृदयाचा दोष सापडला. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाच्या स्नायूची भिंत नेहमीपेक्षा जाड असणं. अनेक जण त्यासह म्हातारे होतात, त्यांना कधी कळतही नाही. पण जोराचा व्यायाम करताना हृदयाचा ठोका अचानक बिघडून माणूस जागेवर जाऊ शकतो. २६ जून २००३ ला ल्योंमध्ये कॅमेरूनचा मार्क-व्हिव्हियन फोए कोलंबियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात मैदानाच्या मधोमध कोसळून गेला, त्याच्या शवविच्छेदनात हेच निघालं होतं. अन्वर तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.

२०२० च्या पावसाळ्यात मी विंझरलाच होतो. नोकरीला लागून वर्ष झालं होतं, कंपनीनं सगळ्यांना घरी पाठवलं होतं, आणि आमच्या घरात माडीवरच्या एका खिडकीपाशीच नेटवर्क येत होतं. जुलैतली एक सकाळ. मी मीटिंगमध्ये होतो. खालून बहिणीची हाक आली, आणि त्या आवाजावरूनच कळलं की हे वेगळं आहे.

आण्णा चिखलणी करताना पॉवर टिलर सोडून बांधावर बसले होते. अंगावर पाऊस आणि घाम एकत्र. "पित्त झालंय," म्हणत होते. डावा हात चोळत होते. शेजारच्यांच्या पिकअपमध्ये मागे गादी टाकून त्यांना पुण्याला नेलं. नसरापूर, हायवे, कात्रज. तोंडाला मास्क, रस्ते रिकामे, आणि दवाखान्यात आधी कोविडची तपासणी. चौपन्नाव्या वर्षी आण्णांचा आयुष्यातला पहिला ईसीजी निघाला. इटलीत १९८२ पासून स्पर्धेत खेळणाऱ्या प्रत्येकाला ईसीजीसह तपासणी सक्तीची आहे. आमच्याकडे गुडघाभर चिखलात दिवसाला दहा तास यंत्र ढकलणाऱ्या माणसाला ती कुणी सांगत नाही. मीही सांगितली नव्हती आणि माझ्या कंपनीच्या विम्यात वर्षाला एक तपासणी फुकट होती.

दोन स्टेंट बसले. घरी सोडताना डॉक्टरांनी नीट समजावलं होतं: सहा आठवडे जड काम नाही, चालणं हळूहळू वाढवायचं, मग परत तपासणी करून कामाचं ठरवू. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात त्याचं एकच वाक्य झालं, शेत बंद. आण्णा झोपलेले असताना मी पॉवर टिलर चुलत्यांच्या गोठ्यात नेऊन ठेवायला लावला आणि खाचरं त्यांना वाट्यानं देऊन टाकली. आण्णांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही.

त्यांना चार दिवसांनी कळलं. ते भांडले नाहीत. "बरं," म्हणाले. आणि त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलायला लागले. सकाळी उठून ओटीवर बसायचे, समोर आमच्याच खाचरात दुसऱ्यांची माणसं लावणी करताना बघायचे, आणि आत येऊन झोपायचे.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बातमी आली की अन्वरला मोहम्मडन स्पोर्टिंगकडून खेळायचं आहे आणि फुटबॉल महासंघानं त्याला सराव थांबवायला सांगितलं आहे. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. फुटबॉल हीच त्याची उपजीविका आहे, असं त्याच्या बाजूनं मांडलं गेलं. ऑफिसच्या फुटबॉल ग्रुपवर रणधुमाळी माजली.

बंगाली मित्राचं म्हणणं होतं, क्लबनं इतका धोका का घ्यावा? केरळचा म्हणत होता, डॉक्टर जे सांगतील ते, चाहत्यांनी बोलू नये. फोंड्याचा एक जण फारसं लिहीत नसे. त्या दिवशी त्यानं लांबलचक लिहिलं. ५ डिसेंबर २००४, बंगळूरचं कंठीरवा स्टेडियम, फेडरेशन कपची अंतिम लढत, डेम्पो विरुद्ध मोहन बागान. डेम्पोचा ब्राझिलियन ख्रिस्तियानो ज्युनियर. दोन्ही गोल त्याचेच. दुसरा गोल मारताना गोलकीपरशी टक्कर झाली आणि तो उठलाच नाही. डेम्पो कप जिंकलं. "मी लहान होतो," त्यानं लिहिलं, "बाबांनी टीव्ही बंद केला आणि आम्हाला देवासमोर बसवलं. अन्वर पडला तर तुम्ही काय बंद करणार?"

मी त्याला उत्तर दिलं. चांगलं मोठं उत्तर होतं. माणसाला त्याचं काम काढून घेऊन जिवंत ठेवण्यात काय अर्थ आहे, निर्णय त्याचा आहे, तो सज्ञान आहे, धोका समजून घेऊन त्यानं हो म्हटलं तर इतरांनी त्याच्या वतीनं घाबरायचं कारण नाही. सतरा लाइक्स आले.

बहीण माझ्या मागे चार्जर शोधत उभी होती. तिनं स्क्रीन वाचली. म्हणाली, "हे आण्णांना वाचून दाखव ना."

मी चिडलो. दोन गोष्टी वेगळ्या आहेत, म्हणालो. आणि त्या खरंच वेगळ्या आहेत. अन्वरचा दोष स्नायूचा आहे, तो स्टेंट घालून सुटत नाही. आण्णांच्या नळ्या तुंबल्या होत्या, त्या उघडल्या. म्हणजे हिशोबानं बघितलं तर जास्त धोका अन्वरला होता आणि तरी मी त्याला सोडायला तयार होतो. आण्णांना नाही. हे बहिणीला मी बोललो नाही. पण त्या रात्री कोड लिहिताना तेच डोक्यात फिरत होतं. अन्वरच्या बाजूनं बोलायला मला काहीच द्यावं लागत नव्हतं. तो पडला असता तर मी दोन दिवस हळहळलो असतो, प्रोफाइल फोटो काळा केला असता. आण्णा पडले असते तर मला आयुष्यभर घरच्या ओटीवर बसता आलं नसतं. माझ्या उदारपणाची किंमत नेहमी दुसरंच कुणी भरणार होतं.

तरीही मी काही केलं नाही. पीक कापून झालं, वाट्याचं भात घरी आलं. आण्णांनी त्या पोत्यांकडे पाहिलंही नाही.

पुढच्या वर्षी १२ जून २०२१ ला युरोमध्ये डेन्मार्क विरुद्ध फिनलंड सामना होता. आण्णांना झोप येत नव्हती, म्हणून तेही टीव्हीसमोर बसले होते. पहिला हाफ संपत आला होता. थ्रो-इनचा बॉल ख्रिस्तियान एरिक्सनकडे आला आणि तो समोर कोसळला. जवळ कुणी नव्हतं, धक्का लागला नव्हता. डेन्मार्कचा कॅप्टन सिमॉन क्यार, तोही बचावपटू, धावत गेला, त्याला सरळ केलं, मग सगळ्या संघाला गोल उभं करून कॅमेऱ्यांकडे पाठ करायला लावली. मी रिमोट शोधत होतो. आण्णा म्हणाले, "राहू दे. बघू दे मला."

आम्ही बघत बसलो. किती वेळ, आठवत नाही. स्ट्रेचरवर तो शुद्धीवर असल्याचा फोटो आला तेव्हा आई देवापुढं दिवा लावायला उठली.

"ह्याला आधी कुणाला कळलं नव्हतं?" आण्णांनी विचारलं.

"नाही. याला काहीच नव्हतं. सगळ्या तपासण्या व्हायच्या त्याच्या."

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला शेतात झालं, म्हणून तू शेतावर राग धरलास. ओटीवर झालं असतं तर काय ओटी चुलत्याला दिली असतीस?"

मला हसू आलं आणि रडूही. वर्षभरात पहिल्यांदा ते माझ्याशी कामाव्यतिरिक्त बोलले होते. मी माफी मागितली असं काही नाटकी झालं नाही. "सोमवारी पुण्याला जाऊ," एवढंच म्हणालो. राहिलेल्या तपासण्या केल्या. इको झाला, पट्ट्यावर चालवून ईसीजी काढला. आण्णांनी डॉक्टरांना स्वतःच विचारलं, "चिखलात उभं राहू का?" डॉक्टरांनी एका कागदावर दोन रकाने पाडून दिले. चालणं, लावणी, पाणी सोडणं, देखरेख चालेल. यंत्र ढकलणं, पोती उचलणं, उपाशीपोटी काम चालणार नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत, छातीत जड वाटलं की थांबायचं. तंबाखू बंद, त्यावर चर्चा नाही. अकरा महिने आमच्या घरात जे भांडण न बोलता चाललं होतं, त्याचं उत्तर अर्ध्या पानावर मावलं.

एक प्रश्न राहिला. खालच्या खाचरात मोबाइलला नेटवर्क नाही. थांबले आणि कुणाला कळलंच नाही तर? बहिणीनं कपाटातून शाळेची ती शिट्टी काढली, दोरा ओवला आणि आण्णांच्या गळ्यात घातली. "बरं वाटलं नाही की वाजवायची. लांब." आण्णा म्हणाले, "मी काय पंच हाय व्हय?" पण घातली. मी आणि बहिणीनं यूट्यूबवर बघून छाती दाबण्याचा सराव उशीवर केला आणि मग पुण्यात एका शिबिरात नीट शिकून आलो. कोसळलेल्या माणसाच्या छातीच्या मधोमध, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, जोरात. एरिक्सन वाचला तो मैदानावर ते लगेच झालं म्हणून आणि विजेचा झटका देणारं यंत्र हाताशी होतं म्हणून. तो पुढे हृदयाजवळ उपकरण बसवून परत खेळला, २०२४ च्या युरोमध्ये गोलही मारला.

त्याच वर्षी अन्वरचा मार्ग मोकळा झाला. तो दिल्ली एफसीकडून खेळला, २०२२ च्या सुरुवातीला एफसी गोवाकडे आला, आणि २३ मार्चला बहरीनविरुद्ध भारताच्या वरिष्ठ संघाची जर्सी घालून उतरला. आम्ही तो सामना हरलो. फोंड्याच्या मित्रानं ग्रुपवर फक्त एक हात जोडलेला इमोजी टाकला. मी त्याला वेगळा मेसेज केला, की तू त्या दिवशी बरोबर प्रश्न विचारला होतास. त्यानं लिहिलं, "अजून भीती वाटते. तो हेड मारून खाली पडला की उठेपर्यंत मी श्वास घेत नाही." मीही तसंच बघतो. बाकी खेळाडू पडले की मी पंचाकडे बघतो, अन्वर पडला की अन्वरकडे.

गंमत म्हणजे हे फार दिवस टिकत नाही. २७ जून २०२३ ला सॅफ स्पर्धेत कुवेतविरुद्ध भारत १-० नं पुढे होता, जादा वेळेत अन्वरच्या पायाला लागून बॉल आपल्याच जाळ्यात गेला. मैदान तेच, कंठीरवा. आणि ग्रुपवर, ज्या ग्रुपवर आम्ही त्याच्या जिवाच्या गप्पा मारल्या होत्या, त्याच्यावर शिव्यांचा पाऊस. मीही एक वाक्य टाकलं होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. आठवड्यानं पेनल्टींवर अंतिम सामना जिंकलो आणि सगळे विसरले. २०२४ मध्ये तो मोहन बागान सोडून ईस्ट बंगालला गेला, त्यावर वाद झाला, चार महिन्यांची बंदी जाहीर झाली आणि न्यायालयात गेल्यावर मागे घ्यावी लागली. आता बंगाली मित्र त्याला गद्दार म्हणतो. मला वाटतं, एका अर्थानं हे बरंच झालं. आता कुणी त्याच्या हृदयाबद्दल बोलत नाही. पास चुकला म्हणून बोलतात, पैसे जास्त मागितले म्हणून बोलतात. इतर बचावपटूंच्या वाट्याला जे येतं तेच त्याच्याही वाट्याला येतं.

खेळू द्यायचं की नाही, यावर माझं मत आजही तेच आहे. फक्त आता ते मी सतरा लाइक्सच्या भाषेत सांगू शकत नाही. खेळू द्यायचं म्हटलं की तपासणीची तारीख कुणीतरी लक्षात ठेवायची असते, मैदानाच्या कडेला यंत्र ठेवायचं असतं, छाती दाबायला कुणाला तरी शिकायचं असतं आणि तो पडला की श्वास रोखून बसायचं असतं. हे सगळं करायला जो तयार आहे, त्यानं खुशाल म्हणावं, खेळू द्या.

यंदा लावणीला मी सुट्टी काढून घरी होतो. टिलर चुलतभाऊ चालवत होता, आण्णा पुढच्या खाचरात रोपं लावत होते. मी वर माडीवर होतो, दोन मिनिटांचं ऑफिसचं काम म्हणून. शिट्टी वाजली. लांब.

मी जिन्यावरून कसा उतरलो ते मला माहीत नाही. अनवाणी, चिखलात दोनदा पडत बांधापर्यंत पोचलो. आण्णा कमरेवर हात ठेवून उभे होते, अंगावर इरलं, गळ्यात शिट्टी.

"चहा कुठाय?" म्हणाले.

मी त्यांच्यावर ओरडलो. शिट्टी चहासाठी नाही, हे किती वेळा सांगायचं! ते ऐकून घेत उभे राहिले. मग वाकून चिखलातून रोपांची एक मूठ उचलली आणि माझ्या हातात दिली.

"आलाच हाईस तर लाव."